आधी विषय, मग परिच्छेद

भाषेच्या प्रश्नपत्रिकेत 'पुढीलपैकी कोणत्याही एका विषयावर परिच्छेद लिहा' हा प्रश्न ठरलेला असतो. पाऊस, माझा आवडता छंद, वृक्षांचे महत्त्व, विज्ञान शाप की वरदान असे तीनचार विषय दिलेले असतात. विद्यार्थी त्यांतला आपल्याला पाठ असलेला विषय ओळखतो आणि मार्गदर्शकातल्या ओळी उतरवून काढतो. अक्षर वळणदार असते, शुद्धलेखन बरे असते, गुणही मिळतात. पण जरा बारकाईने पाहिले तर काय दिसते? विषय प्रश्नपत्रिका काढणाऱ्याने निवडला, मुद्दे मार्गदर्शक लिहिणाऱ्याने ठरवले, आणि मुलाच्या वाट्याला फक्त हमाली आली.

हीच मुले दहाबारा वर्षांनी संशोधनासाठी प्रयोगशाळेत येतात. 'कशावर काम करायचे आहे?' असे विचारले की उत्तर येते, 'सर, प्रदूषणावर.' प्रदूषण हा विषय नाही, तो एक प्रदेश आहे. त्यातल्या कोणत्या गावी जायचे, कोणत्या रस्त्याने जायचे आणि वाटेतली कोणती गावे सोडून द्यायची, हे ठरवण्याची सवयच लागलेली नसते. हुशारी कमी असते असे अजिबात नाही. निवड करण्याची संधी आपण त्यांना कधी दिलेली नसते, एवढेच.

लिहिण्याआधी विषय कसा निवडावा आणि त्याची आखणी कशी करावी, हा प्रश्न शाळेतल्या तासापेक्षा पुष्कळ जुना आहे. त्याचा इतिहास शोधायला फार लांब जावे लागत नाही. मी नागपूरच्या धंतोलीत राहतो. इथून काही अंतरावरच्या एका टेकडीपाशी, पलीकडे अमरावती जिल्ह्यातल्या एका गावात आणि खुद्द नागपुरात स्थापन झालेल्या एका मंडळीच्या कामात हा इतिहास सापडतो. त्याआधी थोडे मागे जाऊ.

संस्कृतातल्या शास्त्रग्रंथांना आरंभी चार गोष्टी सांगाव्या लागत. ग्रंथाचा विषय काय, तो लिहिण्याचे प्रयोजन काय, तो वाचण्याचा अधिकारी कोण, आणि ग्रंथाचा विषयाशी संबंध काय. याला अनुबंधचतुष्टय म्हणत. 'अधिकारी' या शब्दाने आज आपल्या डोळ्यांपुढे कचेरीतला साहेब येतो, पण इथे त्याचा अर्थ ज्याच्यासाठी लिहायचे तो वाचक. कौटिल्याने तर आणखी व्यवस्थित काम केले आहे. अर्थशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात तो पुढे येणाऱ्या प्रकरणांची यादी देतो आणि एकंदर हिशेबही सांगतो: पंधरा अधिकरणे, दीडशे अध्याय, एकशे ऐंशी प्रकरणे, सहा हजार श्लोक. शेवटच्या अधिकरणात तो बत्तीस तंत्रयुक्ती सांगतो. तंत्र म्हणजे शास्त्रग्रंथ आणि युक्ती म्हणजे तो रचण्याची रीत. यांतली पहिली युक्ती 'अधिकरण', म्हणजे कशाविषयी बोलायचे आहे ते. दुसरी 'विधान', म्हणजे प्रकरणांचा क्रम. पुढे 'उद्देश' आणि 'निर्देश' अशी जोडी येते. उद्देश म्हणजे थोडक्यात सांगणे, निर्देश म्हणजे तेच उलगडून सांगणे. परिच्छेदाचे पहिले वाक्य आणि त्यानंतरची वाक्ये यांचे नाते शिकवायला याहून चांगली जोडी मला माहीत नाही. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांतही तंत्रयुक्तींची अशीच यादी आहे. वैद्याला रोग जसा ओळखता यायला हवा, तसा ग्रंथही उलगडता यायला हवा, अशी ती दृष्टी होती.

आता मराठीकडे येऊ. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे स्थान. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठायचे, काय घडले ते विचारायचे, आणि मिळालेली आठवण नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायची, असा त्यांचा क्रम होता. यातून उभे राहिलेले लीळाचरित्र हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानला जातो. तो वाचताना एक गोष्ट चटकन नजरेत भरते. म्हाइंभटांनी सलग चरित्र लिहिले नाही. एक प्रसंग म्हणजे एक लीळा. तिला स्वतःचा मथळा असतो. प्रसंग संपला की लीळा संपते. काही लीळा तर चारसहा वाक्यांच्याच आहेत. साऱ्या लीळांची मांडणी एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा तीन भागांत केलेली आहे. म्हणजे विषयाचा तुकडा किती मोठा घ्यायचा, हे आधी ठरलेले आहे. शाळेत आपण ज्याला परिच्छेद म्हणतो त्याचा हा मराठीतला फार जुना आणि फार चांगला नमुना आहे.

त्यांच्याच परंपरेतल्या केशिराजबासांनी दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत एकत्र केले. त्यांची बांधणी तिहेरी आहे: आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. सूत्रात सांगायची गोष्ट असते, दृष्टांतात उदाहरण, आणि दार्ष्टांतिकात उदाहरण मूळ गोष्टीला कसे लागू पडते त्याचा खुलासा. हत्तीला चाचपडणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट यातच आहे. आपले विद्यार्थी उदाहरण देतात, पण दार्ष्टांतिक विसरतात. गोष्ट सांगून झाली की मूळ मुद्दा वाऱ्यावर सोडतात. वर्गात हे तीन शब्द फळ्यावर लिहून पाहण्यासारखे आहेत.

यानंतरची काही शतके मला भरभर ओलांडायची आहेत. दफ्तरातली मोडी कागदपत्रे पाहिली तर आडवी रेघ आधी ओढलेली आणि तिला अक्षरे लगटून टांगलेली दिसतात. शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हे नाहीत. मात्र याद्यांमध्ये 'कलम' असे, आणि एका कलमात एकच बाब असे. तेव्हा आखणी होती, ती फक्त डोळ्यांना दिसत नव्हती. छापखाना आल्यावर ती दिसू लागली. विरामचिन्हे रुळवण्यात मेजर कँडी यांचा वाटा मोठा. १८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने ज्ञानप्रसारक सभा निघाली. सभासदाने एक विषय घ्यावा, त्यावर निबंध लिहून सभेत वाचावा आणि इतरांनी त्यावर बोलावे, असा रिवाज पडला. त्यांतले लेखन १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिकात येऊ लागले. मासिकाला पाने मोजकी असतात, त्यामुळे विषयाला कुंपण घालावेच लागते. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर या सरकारी शाळेतल्या शिक्षकाने १८७४ पासून निबंधमालेचे ८४ अंक जवळजवळ एकहाती लिहिले. त्यांच्या मतांशी सहमत नसलेल्यालाही त्यांचा परिच्छेद कुठे सुरू होतो आणि का संपतो, हे कळते. असो.

धंतोलीच्या उत्तरेला सीताबर्डीची टेकडी आहे. वर किल्ला असून तो लष्कराच्या ताब्यात आहे. सामान्य माणसाला वर्षातून मोजक्याच दिवशी आत जाता येते. १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी नागपुरात आला. आजचे हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे. तेव्हा नागपूरवर भोसल्यांचे राज्य होते आणि या भागातल्या खडकांचा अभ्यास म्हणण्याजोगा झालेला नव्हता. हिस्लॉप व्यवसायाने भूवैज्ञानिक नव्हता. धर्मप्रसार आणि शाळा चालवणे हे त्याचे काम. हाताशी वेळ थोडा आणि ग्रंथ त्याहून थोडे. अशा माणसाने 'हिंदुस्थानचे खडक' असा विषय घेतला असता तर त्याच्या हातून काही झाले नसते. त्याने आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर याने विषय घेतला तो नागपूरच्या आसपासच्या भूभागाचा. जिथे पायी किंवा घोड्यावरून जाता येईल, जिथला दगड दुसऱ्यांदा जाऊन पाहता येईल, तेवढाच.

सीताबर्डी आणि टाकळीच्या परिसरात त्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये मातकट गाळाचा एक पातळ थर दबलेला होता, आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख होते. टाकळीला तर दगड झालेल्या बिया आणि फळेही मिळाली. काळा कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हा. मग दोन लाव्हांच्या मध्ये गोगलगाय कशी आली? याचा अर्थ पहिला लाव्हा थंड झाल्यावर बराच काळ शांततेत गेला असला पाहिजे. त्यावर पाणी साचले, तळी झाली, काठावर झाडे उगवली, शंखातले प्राणी पिढ्यान्‌पिढ्या जगले, आणि मग पुन्हा लाव्हा वाहत आला. एका पातळ थराने सांगितलेली ही हकीकत आहे. दख्खनच्या कातळाचा उद्रेक एका दमात झालेला नाही, मध्ये विश्रांतीचे काळ होते, हे अशा थरांवरून कळते.

हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरचा आणि जीवाश्मांवरचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला. १८६० मध्ये हिस्लॉपने त्याच त्रैमासिकात आणखी एक निबंध दिला. त्याचा विषय पहिल्यापेक्षा अरुंद होता: लाव्हाच्या थरांशी निगडित असलेले गाळाचे थर आणि त्यांतले जीवाश्म. पाच वर्षांत त्याची माहिती वाढली आणि विषय मात्र आकुंचला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्याकडे याच्या उलट समजूत असते. माहिती वाढली की विषय मोठा घ्यावा असे वाटते. हिस्लॉपने या थरांना दिलेला काळ आज मान्य नाही. दख्खनच्या कातळाचे वय आता सुमारे ६.६ कोटी वर्षे धरले जाते, म्हणजे त्याच्या अंदाजापेक्षा हे थर जुने आहेत. पण थर कुठे आहे, वर काय, खाली काय, आत काय, हे त्याने नीट लिहून ठेवले. त्यामुळे काळाचा निष्कर्ष बदलला तरी त्याची निरीक्षणे उपयोगी राहिली. १८६३ मध्ये टाकळघाटकडून परतताना तो नाल्याच्या पुरात बुडून मरण पावला. त्या फेरीत तो तिथली प्राचीन दगडी वर्तुळे पाहायला गेला होता.

आता ज्या माणसाविषयी मला अधिक सांगायचे आहे त्याच्याकडे वळतो. श्रीधर व्यंकटेश केतकर. जन्म १८८४ चा, रायपूरचा. तेव्हा ते मध्य प्रांतात होते. शालेय शिक्षण अमरावतीला. १९०६ मध्ये ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. प्रबंधासाठी त्यांच्या मनात विषय होता हिंदुस्थानातील जातिसंस्था. याहून अफाट विषय सापडणे कठीण. हजारो जाती, दोनअडीच हजार वर्षांचा काळ, डझनावारी भाषा. केतकरांनी काय केले? १९०९ मध्ये छापल्या गेलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाचे नाव जातिसंस्थेचा इतिहास असे भारदस्त असले, तरी त्याखालचे उपशीर्षक वाचले की खरा विषय कळतो. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातली समाजस्थिती, आणि तिच्याविषयी मनुस्मृतीतून मिळणारा पुरावा. एक ग्रंथ, एक शतक, एक प्रश्न. मनुस्मृतीचा त्यांनी धरलेला काळ सर्वांना पटेल असे नाही, पण चर्चा करता येईल इतका तो नेमका आहे. अफाट विषयाला दार कुठे काढायचे हे त्यांना कळले होते.

१९११ मध्ये डॉक्टरेट मिळवून आणि काही काळ लंडनला राहून ते परतले. आणि मग या नेमकेपणाच्या माणसाने असे काम अंगावर घेतले की ज्यात कोणताच विषय वर्ज्य नाही! मराठी ज्ञानकोश. इंग्रजांच्या ब्रिटानिकाची अकरावी आवृत्ती १९१०-११ मध्ये निघाली होती. तसा सर्वविषयसंग्रह मराठीत असावा, ही कल्पना. राजाश्रय नाही, विद्यापीठ नाही. त्यांनी नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी उभी केली, तिचे भाग विकले, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवले. काम पुढे पुण्यात चालले. पहिला विभाग १९२० च्या सुमारास बाहेर पडला आणि विसाचे दशक संपण्याच्या आत तेवीस विभाग पुरे झाले. त्यांत सूचीचाही विभाग होता. ज्या काळात टंकलेखन यंत्रही मराठीला नीट वश झालेले नव्हते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

ज्ञानकोश म्हणजे सगळेच विषय, तेव्हा निवडीचा प्रश्न उरत नाही, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात तिथेच तो सर्वांत बिकट होतो. साधा हिशेब करून पाहू. समजा, कोशाच्या मुख्य भागाला आठ हजार पाने आहेत आणि नोंदी सोळा हजार करायच्या आहेत. एका नोंदीला सरासरी अर्धे पान आले. एखाद्या लेखकाने उत्साहाच्या भरात आपल्या आवडत्या विषयावर वीस पाने लिहिली, की त्याने चाळीस नोंदींची जागा घेतली. स्वतःची एक वजा करता एकोणचाळीस विषय बेघर झाले. तेव्हा लेखकाच्या हातात लेखणी देण्याआधी शब्दांची यादी, प्रत्येक शब्दाचे वजन आणि त्यानुसार जागा हे ठरवावेच लागते.

दुसरी अडचण वर्णक्रमाची. कोश 'अ'पासून छापत न्यायचा असतो, आणि एकदा छापलेला विभाग वर्गणीदाराच्या घरी पोचला की त्यात बदल करता येत नाही. कापसाचे उदाहरण घेऊ. 'कापूस' ही नोंद 'क' मध्ये येणार. पण त्याआधी 'अ' मध्ये अकोला आणि अमरावती येऊन गेलेली असतात. अकोल्याच्या नोंदीत कापसाच्या बाजाराविषयी दोन ओळी लिहायच्या की दोन पाने, हे कशावर ठरणार? 'कापूस' या नोंदीत काय येणार आहे, यावर. पुढे 'वस्त्र', 'सरकी', 'सूत' हे शब्दही वाट पाहत असतात. म्हणजे 'अ'चा परिच्छेद लिहिण्यापूर्वी 'स'च्या परिच्छेदाचा विचार झालेला असला पाहिजे. तो झाला नाही तर एकच मजकूर चार ठिकाणी येतो, किंवा (हे अधिक वाईट) प्रत्येकाला वाटते की दुसऱ्या कोणीतरी लिहिले असेल आणि तो कुठेच येत नाही.

तिसरी गोष्ट वाचकाची, म्हणजे जुन्या भाषेत अधिकाऱ्याची. ब्रिटानिकाचे सरळ भाषांतर करणे हा सोपा मार्ग होता. पण लंडनमधल्या वाचकाला जे माहीत आहे असे धरून ती लिहिलेली, ते वऱ्हाडातल्या वाचकाला माहीत नाही; आणि याला जे घरबसल्या ठाऊक, त्याचा तिथे उल्लेखही नाही. केतकरांनी कोशाच्या आरंभी पाच प्रस्तावनाखंड घातले. त्यांची नावेच त्यांची दृष्टी सांगतात: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. जगाकडे पाहायचे ते आपण जिथे उभे आहोत तिथून, अशी ही आखणी आहे. शास्त्रांच्या इतिहासाला त्यांनी एक सबंध विभाग दिला, हे या मासिकाच्या वाचकांना विशेष वाटावे.

या आखणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेवीसपैकी पाच विभाग प्रस्तावनेला म्हणजे पंचमांशाहून अधिक. ज्याला 'आंबा' किंवा 'इंजिन' शोधायचे आहे त्याने पाच जाडजूड ग्रंथ फडताळात ठेवून सहाव्याची वाट पाहायची. पाच खंडांत जे आहे ते मोलाचे आहे, पण माझ्या मते तो स्वतंत्र ग्रंथ आहे आणि कोशाच्या दारात त्याने थोडी वाट अडवली. शिवाय मुख्य भागातल्या गावांच्या आणि तालुक्यांच्या अनेक नोंदी गॅझेटियरच्या साच्यातल्या वाटतात. जिथे इंग्रजीत तयार मजकूर होता तिथे परिच्छेद सहज लांबतात, आणि जिथे स्वतः शोधावे लागले असते तिथे आखडतात. निवड आपण करतो असे वाटत असताना उपलब्ध माहितीच आपल्यासाठी निवड करत असते. आजच्या विद्यार्थ्याला संगणकाच्या पडद्यावर एका क्षणात पानेच्या पाने मिळतात, तेव्हा हा धोका कितीतरी वाढला आहे.

या उद्योगात केतकरांच्या हाताखाली जी माणसे तयार झाली, त्यांत यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे ही जोडी होती. त्यांनी पुढे महाराष्ट्र शब्दकोश सिद्ध केला आणि शास्त्रीय परिभाषेचाही कोश केला. विषय निवडायला शिकलेली माणसे नुसता एक ग्रंथ करून थांबत नाहीत, असे त्यावरून म्हणता येईल. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले, तेव्हा पहिला खंड १९७६ मध्ये निघण्याआधी १९७३ मध्ये परिभाषासंग्रह प्रसिद्ध झाला. आधी शब्द ठरवा, मग लिहा, हा तोच क्रम. स्वतः केतकरांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या नावाने १९२७ मध्ये या सगळ्या खटाटोपाची हकीकत लिहिली. ज्याला ज्ञानकोश वाचायला वेळ नाही त्यानेही ती पाहावी. शास्त्रज्ञ आपल्या फसलेल्या आणि साधलेल्या आखण्यांविषयी क्वचितच इतके मोकळेपणाने लिहितात.

आता पुन्हा त्या प्रश्नपत्रिकेतल्या 'पाऊस' या विषयाकडे येऊ. त्यावर मुलांचे परिच्छेद सारखे का येतात? 'पाऊस' हा केतकरांच्या 'जातिसंस्थे'इतकाच अफाट आहे, आणि आपण त्याला दहा ओळींत कोंबायला सांगतो. मग मोर नाचतो, बेडूक ओरडतो, शेतकरी आनंदतो आणि शेवटी पाणी हेच जीवन ठरते. विद्यार्थ्याला जर म्हटले की विषय तूच कापून लहान कर, तर काय होते? 'नागपूरचा पाऊस' हा पहिला काप. तोही मोठाच आहे. 'आमच्या शाळेच्या छतावर पडणारा पाऊस' हा दुसरा. आता विषयाला कडा आल्या, पण प्रश्न अजून आला नाही. 'आमच्या शाळेच्या छतावर एका वर्षात किती पाणी पडते आणि ते कुठे जाते?' इथे विषय लिहिण्याजोगा झाला.

या प्रश्नाचा हिशेब आठवीतल्या मुलाला जमतो. नागपुरात वर्षाला ढोबळमानाने एक मीटर पाऊस पडतो. छत वीस मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असेल, तर क्षेत्रफळ २०० चौरस मीटर. त्यावर पडलेले पाणी २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर. उत्तर ऐकून मुलांचा विश्वास बसत नाही, आणि परिच्छेदाची सुरुवात तिथूनच करता येते. पुढचा भाग शोधाचा. छतावरचे पाणी पन्हाळीतून कुठे उतरते? गटारात की मातीत? शहराच्या या भागातले गटारातले पाणी नाग नदीला मिळते. नाग पुढे कन्हानला, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा प्राणहितेतून गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. धंतोलीतल्या छतावरच्या थेंबाचा हा प्रवास परिच्छेदात घ्यायचा की नाही, हे मात्र प्रयोजनावर अवलंबून आहे. मुख्याध्यापकांना पाणी साठवण्याची टाकी बांधा असे सांगण्यासाठी लिहायचे असेल, तर दोन लाख लिटर हा आकडा आणि टाकीची जागा पुरे. बंगालचा उपसागर गाळायचा. पाचवीतल्या धाकट्या भावंडांसाठी भूगोलाची गोष्ट लिहायची असेल, तर प्रवास ठेवायचा आणि गुणाकार गाळायचा. दोन्हीकडे मोर आणि बेडूक यांना रजा.

शिक्षकाने गुण देताना एक लहानसा बदल करून पाहावा. परिच्छेदाबरोबर विद्यार्थ्याकडून एक चिठ्ठी घ्यावी. मी कोणता प्रश्न घेतला, कोणासाठी लिहिले आणि मला माहीत असूनही काय लिहिले नाही, एवढे तीनच मुद्दे तिच्यात असावेत. दहापैकी चार गुण या चिठ्ठीला ठेवावेत. मार्गदर्शकात या चिठ्ठीचे उत्तर तयार मिळत नाही, कारण प्रत्येक शाळेचे छत वेगळे असते. जूनच्या आत टेप घेऊन ते मोजून ठेवता येईल. छतावर झाडाच्या किंवा भिंतीच्या आडोशाला नसेल अशा जागी सरळ बाजूंचा एक डबा ठेवला आणि रोज सकाळी त्यातल्या पाण्याची उंची पट्टीने मोजून डबा रिकामा केला, की वर्षाला एक मीटर हा ढोबळ आकडा आपल्या शाळेपुरता कितपत खरा आहे, हेही ऑक्टोबरपर्यंत कळेल.